पत्त्यांचा कौल

चारकोपच्या त्या घरात मला खोली मिळाली ती एका पत्त्यांच्या डावामुळे. मी बॅग घेऊन दारात उभी, काकू पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभ्या, आणि ज्यांचं घर ते काका आम्हा दोघींकडे पाठ करून कम्प्युटरवर पत्ते खेळत बसलेले. मी दोनदा घसा खाकरला. काकू हळूच म्हणाल्या, "थांब गो जरा. विचारतायत."

कोणाला विचारतायत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. वीसेक मिनिटांनी पडद्यावर सगळे पत्ते टणाटण उड्या मारायला लागले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची वळवली आणि मला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"ठेव बॅग," ते म्हणाले. "आतली खोली तुझी. पाणी सकाळी सहा ते सात."

डाव अडला असता तर मी आल्या पावली परत गेले असते. माझ्याआधी दोन मुली तशा गेल्या होत्या. त्यातली एक बँकेत होती, आईवडिलांना घेऊन आली होती आणि माझ्यापेक्षा सगळ्याच बाबतीत उजवी होती, असं काकूंनी मला पुढे कधीतरी मोकळेपणाने सांगून टाकलं.

काका निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. जन्मभर अंधेरी ते बोरिवली दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहिले. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "लिफ्ट असती तर रोज मलाच बोलावलं असतं दुरुस्तीला," एवढंच म्हणत. मूलबाळ नव्हतं. हॉलमध्ये एक टेबल, त्यावर कंपनीने भंगारात काढलेला कम्प्युटर, मागे भलंमोठं कुबड असलेला, आणि त्यावर काकूंनी विणलेलं लोकरीचं झाकण. त्या कम्प्युटरवर इंटरनेट नव्हतं, हिशेब नव्हते, फोटो नव्हते. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव तेवढा होता. त्यात सात रांगांत पत्ते मांडलेले असतात, ते लाल-काळे असे एकाखाली एक लावत जायचं, हाताशी गठ्ठा असतो, त्यातून एकेक पान काढायचं, आणि शेवटी चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत वर चढवायचे. चढले तर डाव सुटला, नाहीतर अडला. ऑफिसात कंटाळलेली माणसं वेळ घालवायला हा खेळ खेळतात. काका वेळ घालवायला तो कधीच खेळले नाहीत. ते कौल लावत.

कोकणातल्यांना कौल सांगायला नको. मी कराडची, म्हणून मला सांगावा लागला. गावच्या देवळात देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअर खणायची का, मुलगी द्यायची का, मुंबईला जायचं का, सगळं तिथे विचारायचं. काकांच्या घराण्याचा त्या देवळात मान होता. आणि मान असलेला हा माणूस पंचवीस वर्षं गावी जाऊन देवळाची पायरी चढला नव्हता.

"का?" असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या कोलंबी सोलत होत्या.

"लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा विचारलेलं, मूल होईल काय म्हणून. उजवा पडला कौल. लख्ख उजवा." त्यांनी एक कोलंबी सोलून ताटलीत टाकली. "मग काय. बघतेस ना तू. तेव्हापासून हे देवळात गेले नाहीत. पण विचारायची सवय कुठे जाते? कम्प्युटर आला आणि ह्यांना ह्यांचा देव मिळाला."

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. एखादी गोष्ट का चालत नाही हे शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे हे सगळं मला गप्प बसून पाहवेना. एका रविवारी मी काकांना समजावायला गेले की पत्ते कसेही पिसले जातात, काही डाव मुळातच सुटण्यासारखे नसतात, कोणी कितीही डोकं लावलं तरी.

"बरोबर," काका म्हणाले. "काही कामंही मुळातच होण्यासारखी नसतात."

"पण काका, त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

"तेच तर विचारायचं असतं ना!"

मी पुन्हा कधी समजवायला गेले नाही.

त्यांचे नियम होते आणि ते कडक होते. एका प्रश्नाला एकच डाव. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. चाल मागे घ्यायची नाही. त्या खेळात एक पाऊल मागे जायची सोय होती, पण काकांनी ती कधी वापरली नाही. "देवळात पडलेली कळी परत चिकटवतात काय?" फालतू गोष्टी विचारायच्या नाहीत. पापलेट आणू की बांगडा, हे काकूंना विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं विचारायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा मुलाच्या नोकरीचं विचारायला आल्या तर काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला आणि म्हणाले, "नोकरी तुमच्या घरची. डाव तुम्ही खेळा." बाईंना माऊस धरता येईना. त्या चहा पिऊन गेल्या.

सोसायटीत लोकांनी त्यांना सेक्रेटरी करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एक दिवस मागितला, आणि दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "पत्ते नाही म्हणाले." संपलं! आठवड्याभरात सेक्टरभर झालं की काका ऑनलाइन रमी खेळतात आणि घर विकायची पाळी आली आहे. एक शेजारीण काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, खूप हरतात का हो?" काकू म्हणाल्या, "हरतात, पण देवाकडे."

एवढं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस सदा गंभीर असेल. तसं नव्हतं. पत्ते विचारायला आणि टीव्ही गेम मजेला, अशी त्यांनी विभागणी केली होती. भंगारवाल्यांकडून जमवलेली चार जुनी यंत्रं त्यांच्याकडे होती, प्लास्टिक पिवळं पडलेली, कॅसेट खुपसून खेळायची. कॅसेट लागली नाही की आपण सगळे लहानपणी तिच्यात फुंकर मारायचो. काका फुंकर मारणाऱ्याच्या हातावर चापट मारत. "थुंकी जाते आत. गंज धरतो." शाळेचं पांढरं खोडरबर घेऊन ते कॅसेटच्या पितळी दातांवरून हळुवार फिरवायचे, मग स्पिरिटचा बोळा, आणि मग यंत्र झकास चालायचं. बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक सपाट टीव्हीवर लागत नाही, म्हणून घरात जुना डबा टीव्ही तसाच ठेवला होता. काकू आपल्या मालिका बिचाऱ्या मोबाईलवर बघत.

संध्याकाळी मी कामावरून आले की रणगाड्यांचा गेम. दोन रिमोटपैकी चांगला ते मला देत आणि उजवं बटण अडकणारा स्वतः घेत. तरी मीच आधी मरायचे. मग ते म्हणायचे, "घाबरतेस काय? ह्यात तीन जीव असतात. पत्त्यांत एकच. आपण कशात बसलोय ते बघून खेळावं माणसाने." ह्या गेममध्ये ते इतके बेफिकीर खेळत, शत्रूच्या अंगावर जाऊन मरत, खदाखदा हसत, की हाच माणूस सकाळी एका पत्त्यासाठी दहा मिनिटं हनुवटी खाजवत बसला होता हे खरं वाटू नये.

त्या वर्षी गणपतीला दोघं गावी गेले. जाताना काका मला म्हणाले, "कम्प्युटर पाहिजे तर वापर. खेळ. फक्त विचारू नको काही."

मी खेळले. दोन दिवसांत कंटाळले, कारण एकेक पान काढायचा डाव फार सोपा वाटतो. त्याच खेळात एक सोय असते, गठ्ठ्यातून एकदम तीन पानं उलटायची. त्यातलं वरचं तेवढं वापरता येतं, त्यामुळे डाव बराच कठीण होतो. मी ती सोय चालू केली. पाच दिवस खेळले. एकदाच डाव सुटला. मग ती दोघं यायच्या दिवशी घर झाडलं, लोकरीचं झाकण घातलं, आणि बदललेलं पुन्हा पहिल्यासारखं करायचं विसरले.

गावाहून काकू आल्या त्या दम घेत घेत. तसा दम त्यांना वर्षभर लागत होता. जिना चढताना त्या थांबत, म्हणून काकांनी प्रत्येक वळणावर एकेक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं, त्यावरून सोसायटीत भांडण झालं होतं आणि ते काकांनी जिंकलं होतं. पण आता पहिल्याच स्टुलावर त्या पंधरा मिनिटं बसल्या. कांदिवलीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हृदयाची एक झडप अरुंद झालीय, ऑपरेशन करून बदलावी लागेल, आणि महिना-दोन महिन्यांच्या पलीकडे थांबू नका. न केलं तर काय, हे काकूंनीच विचारलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आंघोळ करून टेबलापाशी बसले. मी ऑफिसला निघाले होते, चपला घालत होते. पाठमोरे होते ते. मी काही पडद्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी आले तर कम्प्युटरवर झाकण, टीव्ही बंद, काका गॅलरीत. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "अडला."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेशन नाही. नाही म्हणतात पत्ते."

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. काका अर्जुनाची साल घेऊन आले, ती उकळून काकूंना दोन वेळा देऊ लागले. गोरेगावच्या एका वैद्याकडून पुड्या आणल्या. काकूंना एक भांडं उचलू देईनात. सगळं करत होते, फक्त हॉस्पिटलचं नाव काढलं की उठून जात. मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टर चांगलाच आहे गं. तिथून ही परत येणार नाही, एवढंच."

असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. ते हट्टाने बसले नव्हते, ते भ्याले होते. हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं, आणि मागोमाग दुसरंही लक्षात आलं. मी जाऊन झाकण काढलं, खेळ उघडला. गठ्ठ्यावर क्लिक केलं. तीन पानं पडली.

मी तिथेच सगळं कबूल केलं. म्हटलं, "काका, ही माझी चूक. मी तीन पानांचं करून ठेवलं होतं, परत केलंच नाही. हा तुमचा डावच नव्हता. तुम्ही पुन्हा खेळा."

काका एरवी मुंबईचं मराठी बोलायचे. आत कुठे दुखलं की मालवणी बाहेर येई.

"माझ्या लक्षात इलां होतां गो," ते म्हणाले. "पानां तीन-तीन पडत होती. मी म्हटलंय, प्रश्न मोठो आसा. मोठ्या प्रश्नाक देव तीन मागता."

"देव नाही काका, मी! मी बदललं!"

"तू बदललंस. पण तुका बदलूची बुद्धी कोणी दिली?"

माझ्या धंद्यात चूक सापडली की दुरुस्त होते. इथे चूक सापडली आणि उलट कौलाचं वजन वाढलं. मी खोलीत जाऊन रडले. काकूंना काही झालं तर ते माझ्या एका क्लिकमुळे, हे डोक्यातून जाईना.

तीन दिवस काकू सालीचा काढा पीत राहिल्या. चौथ्या दिवशी, रविवार होता, दुपारची जेवणं झाली, त्यांनी गाऊनला हात पुसले आणि सरळ जाऊन काकांच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"काय करतंस?" काका म्हणाले.

"छाती कोणाची?"

"काय?"

"छाती कोणाची आहे? माझी ना? मग दुसऱ्याच्या घरचं विचारायला तुम्हाला कोणी सांगितलेलं?" मग माझ्याकडे वळून, "चालू कर गो हे. आणि ते एक पानाचं करून दे."

काका उभेच राहिले. नियम त्यांचाच होता.

काकूंनी माऊस धरला तो स्वयंपाकघरातल्या उलथन्यासारखा. बाण पडद्यावरून कुठेही पळत होता. काळ्यावर काळा ठेवायला जायच्या आणि पत्ता जागेवर परत गेला की त्याला रागवायच्या. इतकी वर्षं त्या खोलीत वावरून त्यांना खेळ अर्धाच माहीत होता. पाच मिनिटांत त्यांनी नको तो पत्ता उचलून नको तिथे टाकला.

"हे मागे कसं घेतात?"

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी काकूंना बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं, पत्ता मागे आला. घरात काही कोसळलं नाही. थोड्या वेळाने डाव अडला, कायमचा अडला. मला वाटलं, झालं. काकू म्हणाल्या, "नवीन कसा मांडतात?"

दुसरा डाव अडला. त्यांनी तिसरा मांडला. त्यांना दम लागत होता, मध्येच त्या डोळे मिटून बसायच्या आणि मग पुन्हा माऊस धरायच्या. मला ते बघवत नव्हतं, उठवतही नव्हतं. तिसराही अडला. चौथ्यात त्यांनी इस्पिकची सत्ती उचलली.

"ती नाय," मागून काका म्हणाले.

काकूंनी मान वळवली नाही. सत्ती ठेवून दिली.

"अगो, ती नाय. चौकटची राणी आधी. राणीखाली पान अडकलंय." आणि काकू तशाच बसून राहिल्यावर, अगदी हळू, "मागे घे. मागे घे ती."

काकूंनी मागे घेतली. काकांनी जिन्यातलं एक स्टूल आणलं आणि शेजारी बसले. मग तासभर त्यांचं चाललं होतं. हे उचल, ते नको, मागे घे, आता गठ्ठा काढ. आठवा डाव होता की नववा, मला नक्की आठवत नाही. शेवटी पत्ते उड्या मारायला लागले. काकू दचकल्या. "हे काय झालं?"

"सुटला," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला. "उद्या फोन करूया त्यांका."

ऑपरेशन झालं. काका आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर होते. एकदा मी त्यांना वेळ जावा म्हणून माझ्या फोनवर पत्ते उघडून दिले, त्यांनी फोन परत माझ्या हातात ठेवला. "हो म्हटलंय ना एकदा. आता टोचत नाही बसायचं." काकू घरी आल्या. महिन्याभराने त्या बाजारात जाऊन पिशवी भरून भाजी घेऊन आल्या आणि काकांनी त्यांना आठवडाभर ओरडा दिला. मी आणखी दीड वर्ष तिथे राहिले, मग लग्न होऊन मुलुंडला गेले. लग्नाचं काकांनी विचारलं नाही. म्हणाले, "तुझ्या घरचं."

मागच्या वर्षी काका गेले. संध्याकाळी गॅलरीत चहा पिताना बसल्या जागी गेले. कळलं तशी मी सुतकाच्या दिवसांतच भेटायला गेले. काकू नेहमीसारख्या होत्या, थोड्या बारीक झालेल्या. बोलता बोलता ऑपरेशनचा विषय निघाला. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी नवव्या डावालाही सुटला नसता तर?"

"तर दहावा मांडला असता."

"आणि दहावाही अडला असता तर? गेलाच नसतात तुम्ही ऑपरेशनला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला अजून अक्कल आलेली नाही अशा नजरेने.

"तारीख मी आधीच घेऊन ठेवलेली," त्या म्हणाल्या. "ह्यांना कळू नये म्हणून खालच्या बाईंच्या मोबाईलवरून फोन केलेला, डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. माका जगायचं होतं गो, मी जाणारच होते. सुटो नाहीतर न सुटो."

"मग ते सगळं कशाला? इतका दम लागत असताना?"

"ह्यांनी नाही म्हटलेलं असताना मी गेले असते आणि टेबलावरच काही झालं असतं, तर मागे ह्यांचं काय झालं असतं?" काकूंनी पदराने तोंड पुसलं. "म्हणून हे बोलेपर्यंत मी पत्ते मांडत बसणार होते. ह्यांनी मागे घे म्हटलं ना, तेव्हाच माझं काम झालं. पुढचे डाव मी ह्यांच्यासाठी खेळले."